विजयमालाबाईंचे समारोप

"ताई, मला फक्त प्रबंधाची जुनी फाइल द्या. बाकी काही विचारू नका," ऋतुजा म्हणाली आणि हातातले कागद तिने पाठीमागे धरले.

विचारू नका म्हटलेली गोष्ट न विचारणे विजयमालाबाई ओव्हाळांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि नुसता हात पुढे केला. अप्पा बळवंत चौकामागच्या बोळातल्या त्या आठ बाय दहाच्या टायपिंगच्या दुकानात एकतीस वर्षे असा हात पुढे झाला की भल्या भल्या होतकरू डॉक्टरांनी मुकाट्याने कागद ठेवले होते. दारावर पाटी होती : 'प्रबंध उद्या हवा असल्यास काल यावे.' ऋतुजानेही कागद ठेवले.

कागद तिच्या अभिमत विद्यापीठाचे होते. नव्या धोरणाप्रमाणे आता प्रत्येक प्रबंध आधी यंत्राकडून तपासला जाई. ऋतुजाच्या प्रबंधातला दोन टक्के मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला असावा, असे यंत्राचे मत पडले होते. तसा मजकूर पिवळा केलेला होता.

"म्हणजे ते मोबाइलवरचं काय ते वापरलंस का तू?"

"नाही हो ताई. वापरलं असतं तरी चाललं असतं. कुठं वापरलं, किती वापरलं, ते लिहून द्यायचं, की झालं. मी तर अजिबात वापरलं नाही असं हमीपत्र दिलंय. आता ते म्हणतात हमीपत्र खोटं आहे. गुरुवारी समितीपुढं जायचंय. नाही पटलं त्यांना, तर प्रबंध रद्द. सहा वर्षं गेली समजा."

विजयमालाबाई पाने उलटू लागल्या. पान बासष्ट. पान एकशे सात. पान एकशे चोपन्न. पिवळा रंग नेमका प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी होता. 'समारोप' या मथळ्याखाली, एकेक परिच्छेद. असे पाच. त्यांनी ते वाचायची गरजच नव्हती. ते त्यांचेच होते.

त्याचे असे झाले होते. विद्यार्थी प्रकरण लिहीत आणि समारोप विसरत. मार्गदर्शक प्रबंध परत पाठवत. मग पोरे रडकुंडीला येऊन बाईंच्या दारात उभी राहत. नव्वदच्या दशकात कधीतरी एका पोरीचे लग्न चार दिवसांवर आले होते, म्हणून बाईंनी प्रकरण वाचून समारोप स्वतःच लिहून टाकला. मार्गदर्शकांनी त्यावर शेरा मारला, 'उत्तम.' तेव्हापासून तो पायंडाच पडला. कोणी सांगत नसे, कोणी विचारत नसे. बांधणीबरोबर सोनेरी अक्षरे येतात तसा टंकलेखनाबरोबर समारोप येतो, असेच सगळे धरून चालले होते. बाईंचे वडील छापखान्यात खिळे जुळवत. ते अचानक गेले आणि बाईंचे शिक्षण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सुटले. पण गावोगावच्या ग्रंथालयांत चारएकशे प्रबंधांत आपली वाक्ये आहेत, याचे त्यांना मनातल्या मनात फार सुख होते. ते त्यांनी कुणाला सांगितले नव्हते, इतकेच.

"हे मी लिहिलंय म्हणून सांगितलं नाहीस तू त्यांना?"

ऋतुजा खाली बघत राहिली. "मीच लिहिलं म्हणाले."

"का?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर उद्यापासून कोण आलं असतं तुमच्याकडं? कोणीच आलं नसतं."

विजयमालाबाईंना एकदम भडभडून आले आणि ते लपवायला त्या चिडल्या. "शहाणीच आहेस! सहा वर्षं हिंजवडीत जमिनी गेलेल्या बायकांमागं वही घेऊन हिंडलीस, ती काय माझं दुकान राखायला? गुरुवारी किती वाजता?"

गुरुवारी अकरा वाजता खळ केलेले इरकल नेसून त्या समितीपुढे उभ्या राहिल्या. लांब टेबलामागे तिघे जण होते. मध्ये अध्यक्ष भाग्यश्री मॅडम, शेजारी एक तरुण प्राध्यापक संगणक उघडून बसलेला, आणि तिसरे गृहस्थ नियमांची पुस्तिका चाळणारे. ऋतुजा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती.

"आपण कोण?" मॅडमनी विचारले.

"टायपिस्ट. हे पाच परिच्छेद माझे आहेत. पोरीचा दोष नाही, यंत्राचाही काही संबंध नाही."

तरुण प्राध्यापक हसला. "पण मावशी, यंत्राला ते यंत्राचे वाटतायत."

"वाटू देत. त्याची माझी ओळख नाही."

मॅडमना हसू आवरेना. पण पुस्तिकावाल्या गृहस्थांनी पुरावा मागितला. बाई म्हणाल्या, "कागद द्या. कुठलंही प्रकरण द्या. विषय कुठलाही चालेल." कपाटातून कुणाच्या तरी गुऱ्हाळांवरच्या प्रबंधातले एक प्रकरण काढून त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. बाईंनी वीस मिनिटे ते वाचले आणि एका बैठकीत, एक शब्दही न खोडता, पाऊण पान लिहिले. अक्षर मोत्यासारखे. तिघांनी तो कागद आळीपाळीने पाहिला. वाक्ये तशीच, घाट तोच. शंकेला जागाच उरली नाही.

एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण तरुण प्राध्यापकाला राहवेना. त्याने तो मजकूर संगणकात भरला आणि यंत्राला विचारले. उत्तर आले तेव्हा त्याचे हसू मावळले.

"किती?" बाईंनी विचारले.

"जाऊ द्या मावशी."

"सांगा ना. माझंच आहे ते."

"ब्याण्णव टक्के. यंत्रानं लिहिलंय म्हणतंय."

मॅडमनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "बाई, मनाला लावून घेऊ नका. या यंत्रांचा काही भरवसा नसतो. आम्हीही फक्त त्याच्यावर निर्णय घेत नाही."

"मनाला तर लागलंय," विजयमालाबाई म्हणाल्या. "पण खोटं नाही मॅडम ते. गुऱ्हाळ असो, संतसाहित्य असो, नाही तर हिच्या हिंजवडीतल्या बायका असोत, मी सगळ्यांना एकच समारोप घातला. नाव बदलायचं आणि पुढं जायचं. मला वाटायचं, मी लिहितेय."

ऋतुजा उठून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. पुस्तिकावाल्या गृहस्थांनी घसा खाकरला. "असे आणखी किती प्रबंध आहेत?"

बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिले. "मी आज एकाच प्रबंधासाठी आलेय, साहेब."

मॅडमनी हातातले पेन टेबलावर ठेवले आणि तो प्रश्न तिथेच संपला. निर्णय त्यांनी तोंडीच सांगितला. यंत्र वापरल्याचा आरोप मागे. पण दुसऱ्याने लिहिलेलेही चालत नाही, तेव्हा पाचही समारोप काढायचे आणि ऋतुजाने पंधरा दिवसांत स्वतः लिहून द्यायचे. शिवाय यापुढे प्रत्येक प्रबंधासोबत टंकलेखकाचे हमीपत्र लागेल, मजकुरात काहीही बदल केलेला नाही, असे. ऋतुजाच्या नव्या प्रतीसाठी पहिले हमीपत्र तिथल्या तिथे तयार झाले आणि विजयमालाबाईंनी त्यावर सही केली.

पुण्यात बातमीला पाय लागत नाहीत, रिक्षा लागते. आठवडाभरात तीन मार्गदर्शकांनी आपल्या विद्यार्थ्यांचे कागद परत नेले. त्यातल्या एकाच्या स्वतःच्या प्रबंधातले सगळे समारोप बाईंचे होते. बाईंनी कागद मोजून, दोरी बांधून दिले आणि "चहा घेणार का?" एवढेच विचारले. त्यांनी घेतला नाही.

बाराव्या दिवशी दुपारी ऋतुजा वहीची पाने घेऊन आली. हाताने लिहिलेली, खाडाखोड केलेली. बाईंनी पहिले पान स्टँडला लावले आणि टाइप करायला सुरुवात केली.

'माझी आजी मथुराबाई हिच्या साडेतीन एकरांत आता कंपनीच्या बस उभ्या राहतात. ती अजून पहाटे चारला उठते. कशाला उठतेस, असे मी विचारले. ती म्हणाली, जाग येती. जमीन गेली म्हणून जाग कुठं जाती व्हय? मग मी हा प्रश्न गावातल्या एकवीस बायकांना विचारला. सतरा जणींना जाग येते. उठून करायला काही नसते. त्या बसून राहतात. याला समाजशास्त्रात काय नाव आहे ते मला सापडले नाही.'

बाईंची बोटे थांबली. प्रबंधात कोणी 'सापडले नाही' लिहून प्रकरण संपवते का? एका ओळीचे काम होते. अर्धी ओळ मनात तयारही झाली होती.

ऋतुजाने ते ओळखले. "कच्चं वाटतंय ना, ताई? शेवट नीट झाला नाही माझा. तुम्ही जरा हात फिरवा ना. एवढ्याशानं कोणाला कळणार आहे?"

विजयमालाबाईंनी हात मांडीवर घेतले. मग पुन्हा कीबोर्डवर ठेवले आणि 'सापडले नाही' जसेच्या तसे टाइप करून पूर्णविराम दिला.

पाचही समारोप व्हायला दोन तास लागले. पाने छापून झाली, ऋतुजाने पिशवी उघडली, तरी बाई पाने हातातून सोडेनात. चष्मा लावून त्या पहिल्या पानापासून पुन्हा बसल्या होत्या. ओठ हलत होते. हातात पेन्सिल नव्हती.

"काही चुकलंय का?" ऋतुजाने घाबरून विचारले.

"नाही," त्या वर न बघता म्हणाल्या. "थांब जरा. वाचतेय."