निळा आला की सांगा

"मिस्त्री, खरं सांगा, हा तुम्हाला निळा दिसतोय?"

सजावटीचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी पत्र्याचा मासा खिडकीच्या उजेडात धरला होता. मिस्त्रींनी चष्मा सारखा केला, मासा उलटसुलट पाहिला आणि छातीठोकपणे म्हणाले, "निळाच आहे की."

"जांभळा आहे हो! आणि हा दुसरा तर पार राखाडी पडलाय. दवाखान्याच्या भिंतीसाठी समुद्रातले मासे हवेत म्हणाले, म्हणून मी हौसेनं तुमचं नाव सुचवलं. पूर्वी तुमच्या निळ्यावरून नजर हटायची नाही. हल्ली लक्ष कुठं असतं तुमचं?"

"पत्रा बदललाय," मिस्त्री पुटपुटले. "पुन्हा करून आणतो."

पत्रा तोच होता. पण खरं कारण सांगायला त्यांची जीभ रेटेना.

मिस्त्रींना लहानपणापासून काही रंग नीट कळत नसत. जांभळा आणि निळा त्यांच्या लेखी जुळे भाऊ. लग्नानंतर बायकोच्या जांभळ्या साडीला त्यांनी निळी म्हटलं आणि तिनं ते बरोबर पकडलं. ती पोटभर हसली, पण ती गोष्ट दोघांतच राहिली. पुढे जहाजदुरुस्तीच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर मिस्त्री घरामागच्या शेडमध्ये भिंतीवर लावायचे मासे करू लागले. पत्रा कापायचा, ठोकून खवले उठवायचे, कल्ल्यांपाशी फुगवटा द्यायचा, हे सगळं त्यांचं. शेवटी घासून लख्ख केलेल्या पत्र्यावर गॅसची ज्योत धरायची. पत्रा तापत जातो तसा आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा होतो; आणि जरा उशीर झाला की राखेसारखा विझतो. मिस्त्री ज्योत धरत, बायको खांद्याशी उभी राही आणि नेमक्या क्षणी म्हणे, "बास." मिस्त्रींचं काम डोळ्यांवर नव्हे, त्या एका शब्दावर चाले. लोक म्हणत, मिस्त्रींच्या हाताला रंग कळतो. तेव्हा बायको गालातल्या गालात हसे.

गेल्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तेव्हापासून शेडमध्ये ज्योतीची फरफर तेवढी ऐकू येई.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या दारात उभे राहिले.

"ताई, जरा शेडमध्ये येता? माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. पत्र्यावर निळा आला की फक्त सांगायचं."

"कुठला निळा?"

"निळा म्हणजे निळा!"

"असं कसं भाऊ? आकाशी असतो, मोरपंखी असतो, शाईसारखा असतो. आमच्याकडं दोऱ्याची रिळं बघा एकदा."

ताई आल्या, पण ज्योतीला बिचकून दारातच थबकल्या. पत्रा तापू लागला.

"अगबाई, सोनेरी झाला! किती गोड... आता बघा जांभळी झाक आली, आता शाई, आता अगदी मोराच्या मानेसारखा... अरेरे, गेला की हो!"

"ताई, कौतुक मागाहून करा ना!" मिस्त्री खेकसले आणि लगेच ओशाळले.

दुसऱ्या माशाला ताई पदर खोचून जवळ आल्या. ओठ घट्ट मिटून पत्र्याकडं बघत राहिल्या आणि एकदम ओरडल्या, "थांबा!"

मिस्त्रींनी ज्योत झटकन बाजूला घेतली. "आला?"

"आला. अगदी पूर्वीसारखा."

मिस्त्री माशाकडं बघत राहिले. दुकानातून परत आलेला जांभळा मासा शेजारीच पडला होता. त्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. त्यांनी ज्योत बंद केली. ताई हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे चष्म्याचं नाही ना?"

मिस्त्रींनी मान हलवली.

"वहिनींना ठाऊक होतं?"

"तीच सांगायची. नेहमी."

"कमाल झाली!" ताई तिथल्या खोक्यावर बसल्याच. "इतकी वर्षं कुंपणापाशी रोज आमच्या गप्पा व्हायच्या. साऱ्या जगाचं बोलायचो. यातलं एका अक्षरानं नाही बोलल्या."

"एकदाही नाही?"

"कधीच नाही. उलट तोंडभरून सांगायच्या, आमच्या ह्यांच्या हाताला रंग कळतो."

मिस्त्रींनी पाठ फिरवली आणि फडक्यानं आधीच स्वच्छ असलेला ऐरणीचा माथा कितीतरी वेळ पुसत राहिले. ताई निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र न बोलावता आल्या.

मासे तयार झाल्यावर मिस्त्रींनी ते स्वतः दवाखान्यात नेऊन भिंतीवर चढवले. सगळे एका दिशेनं निघालेले, एक मोठा, बाकीचे मागं-पुढं. दुकानाच्या बाई बघायला आल्या आणि खूश झाल्या. "आता कसं! लागलं ना लक्ष?" म्हणून घाईत निघूनही गेल्या.

काम संपलं होतं. घरी जायला हरकत नव्हती. पण मिस्त्री रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर टेकले. समोर एक म्हातारा बायकोला गोळ्यांची वेळ पुन्हा पुन्हा विचारत होता. एक आई लेकराचे बूट घालत होती.

नाव पुकारणाऱ्या मुलीनं विचारलं, "आजोबा, तुमच्याबरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही. एकटाच आहे."

"आणि काय होतंय?"

"काही नाही गं. जरा बसलोय."

तेवढ्यात दारातून काठी टेकत एक बाई आत आल्या आणि रिकामी जागा शोधू लागल्या. मिस्त्रींनी शेजारच्या खुर्चीवरची हत्यारांची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडे सरकून बसले.