मशीनचा हिरवा

नेटवर गरिबाचं घर शोधायला गेलं की ते निळंच असतं. का, ते फोटो काढणाऱ्यांनाच माहीत. निळी भिंत, तिच्यापुढे पितळेचा हंडा, हंड्याशेजारी उघडं पोर आणि पोराच्या तोंडावर वरून पडणारा सोनेरी उजेड. आमच्या वस्तीत असला उजेड कधी पडला नाही. आमच्याकडे ट्यूबलाइट होती आणि ती भर दुपारीसुद्धा चालू असायची.

मी कार्टूनची बॅकग्राउंड रंगवते. पात्रं दुसरे लोक काढतात, त्यांच्या मागचं जग मी काढते. कुठल्या कॉलेजात शिकले नाही. सेकंडहँड टॅब्लेट आणि नेटवरचे फुकटचे व्हिडिओ, एवढंच माझं कॉलेज. या कामात रेफरन्स आधी. बैलगाडी काढायची तर आधी बैलगाड्यांचे फोटो गोळा करायचे, चाक कसं, जू कसं ते बघायचं, मग पेन उचलायचं. मनानं काढलेलं खोटं दिसतं. हे मला मान्य आहे. बर्फातली झोपडी म्हणा, दीपगृहाचा जिना म्हणा, चहा गार व्हायच्या आत शोधून देते. सापडलं नाही ते फक्त माझं स्वतःचं घर.

झालं असं, की लहान मुलांच्या एका मालिकेत नायिकेची मैत्रीण वस्तीत राहते. तिच्या घराचं बॅकग्राउंड माझ्याकडे आलं. चकाल्याच्या आमच्या स्टुडिओत यज्ञेश आर्ट डायरेक्टर आहे. बोरिवलीचा, माणूस वाईट नाही. त्यानं रेफरन्सचे फोटो एका बोर्डावर लावून पाठवले. काळपट भिंती, आतून टांगलेली ताडपत्री, दारात गटार, कोपऱ्यात रडणारं पोर.

"हे काय आहे?" मी त्याच्या टेबलापाशी जाऊन विचारलं.

"मैत्रिणीचं घर. मूड बघ ना, झकास आहे."

"घरात आतून ताडपत्री कोण लावतं रे?"

"यार प्रियंका, डोकं नको खाऊ. बघितल्या बघितल्या कळलं पाहिजे ना, की ती गरीब आहे."

"मी अशाच वस्तीत वाढलेय. साकीनाक्याच्या मागच्या टेकडीवर. आमचं घर असं नव्हतं."

"मग कसं होतं? दाखव. फोटो आण, मी बोर्ड बदलतो. प्रॉमिस. पण शुक्रवारपर्यंत. नाहीतर सौरभ याच बोर्डावरून रंगवेल, मला एपिसोड पुढे पाठवायचाय."

सौरभ हातानं वेगवान आहे आणि काही विचारत नाही. त्यानं ते रंगवलं असतं आणि देशभरातल्या पोरांनी तेच आमचं घर म्हणून बघितलं असतं.

घर आता नाही. टेकडीवरून रस्ता गेला, आम्हाला मानखुर्दला इमारतीत खोली मिळाली. आई आणि मी तिथे राहतो. इमारतीतल्या सगळ्या खोल्यांना एकच मळकट पांढरा रंग आहे. कुणाच्या घरात आहोत तेच कळत नाही.

टेकडीवर तसं नव्हतं. आमच्या गल्लीतले बाप साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये कामाला जायचे आणि तिथला उरलेला रंग घरी आणायचे. माझे पप्पा, खंडू, लेथ मशीन बनवणाऱ्या गाळ्यात रंगारी होते. म्हणून आमचं घर लेथ मशीनच्या रंगाचं. फिकट हिरवं, त्यात जरा करडेपणा. समोरच्या जानकीताईचे वडील टेंपोच्या बॉडीला रंग मारायचे, त्यांच्याकडे टेंपोचा पिवळा. शेवटच्या घरी कपाटाचा तपकिरी. गल्लीतून चाललं की कोण कुठे कामाला आहे ते भिंतीच सांगायच्या. रंग ऑइलपेंटचा, त्यामुळे आई रोज सकाळी ओल्या फडक्यानं भिंत पुसायची. भिंत चकाकायची आणि मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यांत हिरवी झाक उतरायची. ताटं, वाट्या, पिंप, सगळं जरा हिरवं दिसायचं. तसा हिरवा मला नेटवर कुठे मिळाला नाही. 'मुंबई वस्ती घर आतून' असं मराठीत टाकलं, इंग्रजीत टाकलं. परत निळं. त्यात आता एआयनं बनवलेले फोटो मिसळलेत. एका बाईच्या मांडीत परात, परातीला कपासारखा कान आणि बाईच्या एका हाताला सहा बोटं. खाली शंभर लोकांनी लिहिलंय, किती खरं, किती जिवंत.

घरचा अल्बम काढला. वैताग. आमच्याकडे फोटो काढायचा म्हटलं की आई आधी ट्रंकेतली गुलाबांची चादर काढून मागे टांगायची. माझा पहिला वाढदिवस, मागे गुलाब. पप्पा नव्या शर्टात, मागे गुलाब. चौदा एप्रिलला पांढऱ्या साड्या नेसून सगळ्या बायका, मागे गुलाब.

"आई, एका तरी फोटोत भिंत दिसू द्यायचीस की गं."

"कशाला? गावाला पाठवायचे फोटो. तिथल्या लोकांनी म्हणावं का, मुंबईला जाऊन मशीनच्या डब्यात ऱ्हातेत म्हणून?"

"भिंत छान होती आपली."

"हां, आता छान. तवा तूच रडायचीस. शाळेतल्या पोरी घरी नको आणू म्हणायचीस."

"मी असं कधी म्हटलं?"

"मी कशाला खोटं बोलू? झाकलं म्हणून चाललं, प्रियंके."

मी गल्लीच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर लिहिलं, ज्या फोटोत मागे आपली गल्ली किंवा घर दिसतंय असे फोटो पाठवा. माझंच चुकलं. लोकांना वाटलं, प्रियंका आर्टिस्ट आहे, चांगले फोटो हवेत. मग काय, सगळ्यांनी जुने फोटो सुधारून पाठवले. मीरामावशीनं मागचं सगळं कापून तिथे हिमालय लावला. सुशांतनं गल्ली धूसर केली आणि चेहरा तेवढा गोरा केला. 'बघ, आता कसा मस्त आलाय!' मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फक्त धाकूमामाचा फोन आला. धाकूमामा म्हणजे आमच्या गल्लीतला व्हिडिओवाला. मालवणचा. खांद्यावर मोठा कॅमेरा घेऊन सगळ्यांची लग्नं त्यानं शूट केली. आता घाटकोपरला लेकाकडे असतो.

"काय गो, फोटो कित्याक होये? माझ्याकडे अख्खी गल्ली आसा."

"कॅसेटी आहेत अजून?"

"कॅसेटी कसल्यो, झिलान सगळ्यो नेटार चढवल्यो. घे आणि बघ."

"नेटवर? मामा, मी आठवडाभर नेटच खणतेय. काय नावानं टाकलंय?"

"नाव कसला? कॅसेटीर जां लिवलला होता, तांच."

कॅसेटीवर लिहिलेलं होतं 'कदम हळद क्याशेट दोन'. आता जगातल्या कुठल्या आर्टिस्टला वस्तीतल्या घराचा रेफरन्स शोधताना 'क्याशेट' टाइप करायचं सुचेल? बघणारे एकूण अकरा लोक, त्यात बहुतेक धाकूमामाच दहा वेळा. कदम म्हणजे आमच्या समोरचे, ही जानकीताईची हळद होती.

"आणि मामा, तू यातलं काही कापलंस का?"

"खुळी की काय! कापूक गेलंय तर लोक माकाच कापतले. एकाची आत्या गेली, एकाचो काको गेलो. मी कॅसेट कधीच कापूक नाय. जां भरला तां भरला."

गुरुवारी संध्याकाळी आई भाजी निवडत होती. तिच्यासमोर मोबाईल डब्याला टेकवून लावला. आधी नुसता बेंजो आणि नाचणारे पाय. हळद लावलेली जानकीताई, तिच्या सगळ्या आत्या, त्या आत्यांच्या नणंदा. मग धाकूमामाला कुणीतरी जेवायला हाक मारली. त्यानं कॅमेरा आमच्या दाराशेजारच्या फळीवर ठेवला आणि गेला. बंद करायचा राहिला. कॅमेऱ्याचं तोंड आमच्या घरात.

आईचा हात भाजीत तसाच थांबला.

भिंत होती. हिरवी. रंग जुन्या टेपमुळे जरा उडालेला, पण ओळखू येईल असा. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, दोन्हींना ताजे हार. मांडणीवर डबे उतरत्या क्रमानं. खाली फरशीवर मी, लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी गिरबटत बसलेली. आई, किती बारीक होती, पदर खोचून मोरीतून बाहेर येते, भिंतीवर उमटलेला हळदीचा एक हात बघते, काहीतरी पुटपुटते आणि फडक्यानं पुसून टाकते. चादर नाही. पोज नाही. कुणाला माहीतच नव्हतं.

मग पप्पा आले. कामावरून. शर्ट खुंटीला लावला, बनियनवर उभे राहून रॉकेलच्या चिंधीनं बोटं पुसली. नखांच्या कडेला तोच हिरवा. मग त्यांचं लक्ष फळीवर गेलं. सरळ चालत आले, तोंड एवढं जवळ आणलं की मोबाईलभर पप्पाच झाले, आणि खिशातला कंगवा काढून कॅमेऱ्याच्या काचेत बघत भांग पाडायला लागले. मिशी नीट केली. डावीकडे मान, उजवीकडे मान. स्वतःवर खूश झाले आणि हळदीला गेले.

मला हसू आलं. पप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे सगळे फोटो गुलाबांपुढे ताठ उभे असलेले.

"बंद कर," आई म्हणाली. मी बंद केलं.

"लाव परत."

परत लावलं. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "हे त्या तुझ्या साहेबाला दाखवायचं न्हाई."

"आई, मला भिंत पाहिजे फक्त."

"भिंतीपुढं त्यो हाय. बनियनवर."

"ते यायच्या आधीचं घेते. नुसती खोली. नाहीतर उद्या ते कळकट काढतील. गटार काढतील आपल्या दारात. तू रोज घासायचीस ते सगळं गेलं बघ."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "गटार? आपल्या दारात?" तिनं विचारलं. "गटार तर गल्लीच्या टोकाला होतं."

"मी पण तेच म्हणतेय."

"मग दे. पण नुसती खोली. त्याचा केससुदीक दिसला न्हाई पायजे."

शुक्रवारी यज्ञेशनं व्हिडिओतून काढलेला खोलीचा फोटो मोठा करून बघितला. "हा रंग काय आहे? हॉस्पिटल वाटतंय."

"मशीनचा हिरवा. आमचे पप्पा लेथला मारायचे तो."

"पण किती क्लीन आहे यार! गरिबी दिसतच नाहीये."

"ती दिसू नये म्हणूनच आई रोज पहाटे उठायची. तुला काय वाटलं, भिंती आपोआप पुसल्या जातात?" आवाज चढला होता, सौरभनं हेडफोन काढले. "एकच खोली आहे. त्यातच मोरी, त्यातच अभ्यास, त्यातच तिघांची झोप. बारा डबे एकावर एक ठेवलेत, कारण दुसरीकडे जागाच नाही. याच्यापेक्षा जास्त गरिबी तुला कशात दाखवायचीय?"

यज्ञेश शब्दाचा पक्का निघाला, माझ्यासमोर जुना बोर्ड पुसला आणि त्या जागी आमची खोली लावली. मी रंगवायला घेतलं. डब्यांतली हिरवी झाक काढताना मला आईचं ओलं फडकं ऐकू यायचं. एवढं सुखाचं काम मी आयुष्यात केलं नाही.

पुढच्या आठवड्यात वरून दुरुस्ती आली. घर ठीक आहे, पण काहीतरी 'वस्तीचं' हवं. सौरभनं मांडणीखाली एक उंदीर काढून फाइल मला परत पाठवली. चांगला काढला होता मेल्यानं. मी घरी टॅब्लेटवर बघत बसले असताना आई मागून वाकली.

"भिंत बरोबर जमलीय," ती म्हणाली. "पण उंदीर कुणाचा?"

"त्यांनी घातलाय. आपल्याकडे नव्हते का गं?"

"व्हते की. आंबेमोहराचं पोतं फाडलं व्हतं एकानं. पण असा भर उजेडात, माणसांच्या मधी येऊन बसायची टाप नव्हती त्याची."

मी उंदराचा लेयर उडवला आणि फाइल पाठवली. लगेच यज्ञेशचा फोन.

"उंदीर कुठे गेला?"

"आईनं हाकलला."

"प्रियंका, मस्करी नको. वरचे विचारतील मला."

"मी पण मस्करी करत नाहीये. बाकी काहीही सांग, करते. हे नाही."

पलीकडे त्याच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

"तुझी आई एपिसोड बघणारे का?"

"अख्खी इमारत बघणारे. टेकडीवरचे सगळे."

"मग राहू दे तसंच, उंदराशिवाय," तो म्हणाला. "मी बघतो वर काय सांगायचं ते. फाइल लॉक करतो, म्हणजे कुणी काही घालणार नाही."