लगेच उत्तर देणारा

मित्रांनो, काचेला तडा गेलेला आणि मागचं झाकण रबराने आवळलेला मी एक जुना मोबाईल आहे. एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या काचेवर बोट फिरवलं, मान डोलावली आणि मला खोक्यात बंद केलं.

मला विकत घेतलं शाळेत शिकवणाऱ्या एका ताईने, आपल्या धाकट्या भावासाठी. भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. दुकानात येणारी मुलं त्याला भिंगोबा म्हणायची. ते माझे सुखाचे दिवस. पहिल्यांदाच चष्मा लावून आरशात बघणाऱ्या पोरांचे फोटो मी काढायचो. "याच्यावाचून माझं पान हलत नाही," असं भिंगोबा म्हणाला की मी फुशारून जायचो.

मग त्यांचे वडील छातीत कळ येऊन अचानक गेले. तेव्हापासून भिंगोबाच्या मनात भीतीने घर केलं. डॉक्टर बाईंनी चिंतेचा आजार असल्याचं सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागणार होते. माझं उत्तर क्षणात येत होतं.

"छातीत धडधडतं, कशामुळे?" त्याने मला विचारलं. मी दहा कारणं दाखवली. जिना, चहा, घाबरणं अशी साधी कारणं वर होती, पण त्याचं बोट थेट शेवटच्या, सगळ्यांत वाईट कारणावर गेलं. ते वाचून धडधड वाढली, म्हणून त्याने पुन्हा विचारलं. दिवसाला दहादा, मग पन्नासदा. त्याचं बोट कुठे थांबतं हे ओळखून मीही तसलंच पुढे करू लागलो. माझी घडणच तशी.

एकदा या नादात त्याच्या हातून एका आजोबांच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसली. मालक एवढंच म्हणाले, "चार दिवस घरी बस."

घरी काय, मोकळं रानच मिळालं. एका दुपारी ताईने मला हिसकावून कपाटात कोंडलं. भिंगोबा कपाटापाशी जाऊन उभा राहिला.

"अरे, माझ्याशी बोल ना! माझ्यापेक्षा ते डबडं बरं?"

"तुला सांगितलं की तू म्हणतेस, काही होत नाही, उगाच डोक्यात घेऊ नकोस. तो लगेच उत्तर देतो गं, ताई."

ताईने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

पुढचं सांगताना मला लाज वाटते. कुणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, 'या गोळ्यांनीच हृदय बिघडतं.' ते साफ खोटं होतं, तरी मी ते भिंगोबापुढे धरलं. खरंखोटं निवडायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. ताईला न सांगता त्याने गोळ्या बंद केल्या.

काही दिवसांनी तो दुकानात जायला निघाला आणि जिन्याच्या पाचव्या पायरीवरच कठडा धरून बसला. पाय उचलेना, श्वास पुरेना. मी त्याच्या मुठीत होतो. ताईचा नंबर माझ्यापाशी होता, पण मला तो आपणहून लावता येत नव्हता. शाळा सुटून ताई येईपर्यंत आम्ही दोघे तिथेच होतो.

ताई त्याला घेऊन गेली आणि गोळ्या बंद केल्याचं उघड झालं, तेव्हा डॉक्टर बाई म्हणाल्या, "फोन फेकल्याने आजार जाणार नाही, आणि फोन असाच चालला तर आजार हटणार नाही. दोन्हींकडे बघू या. विचारावंसं वाटलं की आधी ताईंना सांगा. आणि ताई, तुम्ही समजूत घालू नका. नुसतं ऐका."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. काल त्याने मला दोनदाच विचारलं. आज अकरा वेळा.

आत्ता ताई त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आहे.

"काय वाटतंय?"

"मरेन असं."

"बरं. मी इथेच आहे."

तो मान हलवतो, पण अंगठा अजून माझ्या काचेवरच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं माझ्यात बुडालेलं असेल, तर त्याला हसू नका. मला आपटून फोडूनही काही साधणार नाही. त्याच्याजवळ बसा, त्याचं ऐका, त्याला डॉक्टरांकडे न्या आणि सोबत थांबा. पण लवकर करा. कारण त्याचा अंगठा टेकला, की मी उत्तर देणारच.