नरसाळं होता होता वाचलो

मी एक जुना पितळी कर्णा आहे, मित्रांनो, आणि एका पेरूपायी माझी रवानगी म्हशीच्या तोंडात होणार होती. हसू नका इतक्यात. हसायचं कुठं ते मी सांगतो.

नगरकडच्या बेलापुरात आमच्या शलमोनच्या ओट्यापुढं थंडीतली शेकोटी पेटली होती. शेजारचा म्हशीवाला गोरक्ष पेरूंची पाटी घेऊन आला. या गड्याला कुणाची तरी कळ काढल्याशिवाय भाकरी पचत नसे. त्यानं पाटीतला सगळ्यात गब्दुल पेरू उचलला.

"शलमोन, ह्यो अख्खा तोंडात घालून, दात न लावता भाईर काढशील का?"

"हात्तिच्या! त्यात काय!"

"न्हाई जमलं तर तुजा कर्णा माजा. म्हशीला काढा पाजायला नरसाळं न्हाई मला."

"आन जमलं तर?"

"तर भर बाजारात उभा ऱ्हाऊन मी कर्णा वाजवीन."

ओटा खदखदून हसला. गोरक्षाला साधी शिट्टी वाजवता येत नव्हती. मी मात्र खुंटीवर थिजलो. अहो, मी नगरच्या कँपात पलटणीच्या बँडात वाजलेला! पलटण गेली, मी मोडीत निघालो, तेव्हा शलमोनच्या बापानं, दानीएलनं, मला उचलून आणलं, चिंचेनं घासून लखलखीत केलं. तेव्हापासून गावच्या ख्रिस्ती देवळातला एक नाताळ माझ्यावाचून झाला नाही. आणि आता तर शलमोनची लेक कृपा हिचं लग्न सोमवारवर आलेलं. तिनं बापाला बजावलं होतं, "बाबा, देवळापर्यंत माझ्यापुढं तुम्हीच वाजवत चालायचं. बँड नको मला."

शलमोननं आ वासला. आणखी वासला. पेरू गेला आत! लोकांनी टाळ्या पिटल्या. मग कानाजवळ कट्कन आवाज झाला. बायको मरियानं बोटं घालून पेरू अख्खा बाहेर काढला, पण तोंड काही मिटेना.

"मीट की रं!" गोरक्ष म्हणाला.

"आँ," शलमोन म्हणाला.

सगळ्यांना वाटलं, सोंग करतोय. लाळ गळायला लागली तेव्हा कुठं धांदल उडाली. कुणी म्हणालं लकवा, कुणी गरम मिठाची पुरचुंडी आणली. म्हाताऱ्या बायडाबाईनं मिरच्या ओवाळून शेकोटीत टाकल्या, तर भोवतीचे सगळे शिंकले आणि शलमोनला धड शिंकताही येईना.

"पेरू तर निगाला," गोरक्ष चाचरत म्हणाला, "पर तोंड मिटलं न्हाई. मंग जिकलं कोन?"

मरिया कडाडली, "भावजी, सोमवारी माज्या पोरीपुढं ह्यांनी कर्णा वाजवला, तर तुमी हारला. न्हाई वाजवला, तर न्या ते नरसाळं!"

गोरक्षाचं तोंड एवढंसं झालं. पहाटेच त्यानं बैल जुंपले. स्वतः हरायला निघालेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शलमोननं मला पिशवीत घालून काखोटीला मारलं. घरी ठेवायची सोय नव्हती; मागं गोरक्षाची बायको छबूबाई म्हशीचा काढा उकळत होती ना!

स्टेशनावरून आम्ही नगरची गाडी धरली. डब्यात गंमतच झाली. समोरच्या म्हातारबुवांनी शलमोनकडं पाहिलं आणि त्यांना जांभई आली. मग त्यांच्या सुनेला. मग पलीकडच्या कांदेवाल्याला. राहुरी येईस्तोवर अख्खा डबा जांभया देत होता! तिकीट बघायला आलेला बाबूसुद्धा आ वासूनच परत गेला.

नगरात रस्त्यावरचा दातवाला तर खूश झाला. "तोंड उघडंच हाय, बसा. एक दाढ उपटून देतो."

"अरं, दुखत न्हाई तिला!" गोरक्ष म्हणाला.

"मंग दुकंल की!"

तिथून पळालो ते दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरनं नीट तपासून सांगितलं, "लकवा नाही. जबडा खोबणीतून निसटलाय. कँपात जा. लढाईत जबडे फुटलेले शिपाई येतात, त्यांच्यासाठी खास जबड्याचे डॉक्टर आहेत."

कँपाच्या फाटकावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पहारेकऱ्याला मात्र तसं वाटलं नाही.

"नाम?"

"आँ."

"गाँव?"

"आँ!"

"मस्करी करता है?" त्यानं बंदूक आडवी धरली.

"मस्करी न्हाई साहेब, पेरू हाय, पेरू!" गोरक्ष ओरडला. त्यानं तर गोंधळ जास्तच वाढला.

तेवढ्यात आतल्या व्हरांड्यातून एक शिपाई आला. त्याचे वरचे-खालचे दात तारेनं बांधलेले, त्यालाही बोलता येईना. त्यानं आपल्या जबड्याकडं बोट केलं. शलमोननं आपल्या. त्यानं भुवया उडवल्या, म्हणजे 'गोळी?' शलमोननं हातानं गोल दाखवला, म्हणजे 'पेरू.' तो बिचारा तारेच्या आत इतका हसला, की पहारेकरीही हसला आणि बाजूला झाला.

डॉक्टर पुण्याकडचे कप्तान होते. त्यांनी शलमोनला खाली बसवलं, आपल्या अंगठ्यांना फडकं गुंडाळलं, ते आत मागच्या दाढांवर ठेवले, जबडा खाली दाबून मागं ढकलला. खट्! तोंड मिटलं.

शलमोनचा पहिला शब्द, "गोरक्ष्या, भाड्या!"

"आता फडकं बांधून ठेवा," डॉक्टर म्हणाले. "मऊ खा. मोठी जांभई नको, खदखदून हसणं नको."

शलमोननं भीत भीत मला पिशवीतून काढलं. "आन ह्ये, साहेब? सोमवारी पोरीचं लगीन हाय."

डॉक्टरांनी मला ओठांशी धरायला लावलं, जबडा चाचपला आणि हसले. "फुंकताना तोंड मिटलेलंच राहतं की! दुखलं तर थांबायचं. जा, वाजवा."

त्या क्षणी गोरक्ष हरला, आणि आनंदानं उड्या मारणारा तोच होता.

सोमवारी शलमोन डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधून लेकीपुढं चालला. हळू वाजलो, मधे मधे थांबलो, पण देवळाच्या दारापर्यंत वाजलो. कृपा पदराआड रडत होती आणि बापाच्या फडक्याकडं बघून हसतही होती.

मग आला आठवड्याचा बाजार. गोरक्ष भाजीच्या पाट्यांमधे उभा राहिला, गाल फुगवले, डोळे मिटले आणि मला फुंकलं. मित्रांनो, काय आवाज निघाला! अडलेली म्हैस हंबरते तसा. बाजारातल्या दोन म्हशींनी खरोखर ओ दिली. आता हसा!

सगळा बाजार लोळला. फक्त शलमोन दोन्ही हातांनी जबडा घट्ट धरून उभा होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि फडक्याआडून ओरडत होता, "बास कर गोरक्ष्या, बास, पुन्यांदा निसटंल!"

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पितळेला अधूनमधून चिंच लावत जा. शेजाऱ्याशी पैजा खुशाल मारा. पण पेरू मात्र कापून खा.