मी आत कोणाला येऊ दिलं नाही?

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. माझी कडी कापलेली आहे, आणि मित्रांनो, मला राग आलेला आहे.

अलीगढच्या एका कारखान्यात मी घडलो. पहाडगंजच्या घाऊक दुकानातून शंकररावांनी मला विकत घेतलं. लेक देविका लग्न होऊन फरीदाबादला चालली होती. तिच्या हातात मला ठेवत ते म्हणाले, "सात लिव्हरचं आहे. निर्धास्त राहा."

तीन वर्षं मी इमानानं राबलो. सकाळी शाळेत शिकवायला निघताना देविका मला लावायची आणि दोनदा ओढून बघायची. शेजारच्या लतिकाभाभी म्हणायच्या, "ऐसा मज़बूत ताला अब कहाँ मिलता है!" मी फुशारून जायचो.

पुढे देविकाच्या नवऱ्यानं, पुष्करनं, दाराला बटणांचं नवं कुलूप बसवलं आणि मला किल्ल्यांसकट खणात टाकलं. त्याचंही मला फारसं दुःख झालं नाही. म्हाताऱ्याला विश्रांती मिळाली, असं समजलो.

मग शंकररावांचं ऑपरेशन झालं. देविका बारा दिवस दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरला माहेरी गेली. नव्या कुलपाचा आकडा देविकाला ठाऊक होता, म्हणून दहाव्या दिवशी पुष्करनं मला खणातून काढलं, बाहेरच्या जाळीच्या दाराला लावलं, तिन्ही किल्ल्या खिशात टाकल्या आणि तो नोएडाला राहायला निघून गेला.

देविका बॅग घेऊन आली. मला पाहून थबकली. तिनं मला ओळखलं, मित्रांनो! मी तिच्या बापानं दिलेलं कुलूप. तिनं मला ओढलं, एकदा, दोनदा, मग हात लाल होईपर्यंत. मी सुटलो नाही. माझ्या मजबुतीची लाज मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

"भाभी, परसों ताला लगाके गए," लतिकाभाभी दारात येऊन म्हणाल्या. "बोल रहे थे, आप मायके चली गईं, अब नहीं आएँगी." त्यांनी मोबाईल काढून माझा फोटो घेतला आणि देविकाला पाठवला. "रख लीजिए. तारीख भी आ गई है."

देविका माहेरी परतली. तिची आई कुसुमावती म्हणाली, "सबुरीनं घे गं. पुरुषाचा राग, उतरेल." या सबुरीत दोन वर्षं गेली. तो ना फोन उचलायचा, ना निरोपाला उत्तर द्यायचा. मी उन्हात तापत, पावसात गंजत लटकलो होतो.

आणि एके दिवशी देविकाला कोर्टाची नोटीस आली. पुष्करला घटस्फोट हवा होता. कारण काय? बायको घर सोडून गेली, दोन वर्षं परतली नाही!

देविका ती नोटीस घेऊन वृंदाताईंकडे गेली. वृंदाताई वकील. त्या म्हणाल्या, "उंबरठा कोणी ओलांडला, एवढंच कायदा बघत नाही. संसार कोणी मोडला, हे बघतो. ज्यानं दुसऱ्याला राहणं अशक्य केलं, त्यानंच सोडलं. नांदायला बोलवा, असा अर्ज तुला पहिल्या महिन्यातच करता आला असता. पोटगीसुद्धा मागता आली असती. त्यासाठी दोन वर्षं थांबायचं नसतं गं."

"मला कोणी सांगितलंच नाही," देविका म्हणाली. मग मान ताठ करून म्हणाली, "नांदायचं आता नाही. पण मी सोडून गेले, हे खोटं मी कागदावर राहू देणार नाही. घटस्फोट मी मागते. त्यानं मला टाकलं म्हणून."

आधी तिच्या सामानासाठी कोर्टानं दार उघडायचा हुकूम दिला. पोलिसांसमोर चावीवाल्यानं माझी कडी कापली. मित्रांनो, मरणाचं दुखलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

सुनावणीला मी टेबलावर होतो, शेजारी तो फोटो. न्यायाधीशबाईंनी पुष्करला विचारलं,

"ताला आपने लगाया था?"

"जी."

"चाबी पत्नी को दी?"

त्यानं आपल्या वकिलाकडे पाहिलं.

"फ़ोन उठाया?"

"जी नहीं."

"तो घर किसने छोड़ा?"

त्याचा अर्ज फेटाळला गेला. देविकाचा मंजूर झाला. निकालपत्रात स्वच्छ लिहिलं गेलं की त्यानं तिला टाकलं. बाहेर आल्यावर देविका हसली नाही. वृंदाताईंना एवढंच म्हणाली, "दोन वर्षं मी लोकांना सांगत होते, माझं काहीतरी चुकलं असेल."

मित्रांनो, आम्हा कुलपांना चोरांसाठी घडवतात. घरच्या माणसाला बाहेर ठेवायला आम्हाला वापरू नका. आणि कोणी वापरलंच, तर दाराशी रडत बसू नका, 'सबुरीनं घे' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. त्याच दिवशी वकील गाठा.