मी सांभाळलेली हाक

मी एक जुनं अ‍ॅप आहे, मित्रांनो. मुलांकडून स्पेलिंग घोटवून घेणारं आणि फुकटात मिळणारं. फोनच्या पडद्यावर कोपऱ्यात पिवळ्या पाटीचं लहानसं चित्र दिसतं ना, तोच माझा चेहरा. पाटीवरचा 'अ' जरा तिरका आहे. त्याला हसू नका. तो का तिरका, तेही सांगतो.

माझा जन्म सांगलीचा. सुमंत नावाचे गृहस्थ दिवसभर कचेरीत संगणकावर काम करायचे आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मला घडवायचे. त्यांची लेक अबोली तेव्हा दुसरीत होती. स्पेलिंगची वही काढली की तिच्या पोटात दुखायचं. पण तिची आई उमा कणीक मळता मळता एकेक शब्द म्हणायला लागली, की हीच अबोली ओट्याला टेकून सांडलेल्या पिठात बोटानं अक्षरं काढायची. मग पोटही दुखायचं नाही आणि भूकही लागायची. ते बघून सुमंतांना मी सुचलो.

म्हणून माझ्यातले सगळे शब्द उमाताईंच्या आवाजात आहेत. 'एलिफंट' म्हणताना मागं कुकरची शिटी वाजते. ती काढायची राहून गेली आणि मुलांना नेमकी तीच आवडली. शिटीसाठी पोरं तोच हत्ती पुन्हा पुन्हा बोलवायची. आणि तो तिरका 'अ' अबोलीनं पिठात काढलेला. सुमंतांनी त्याचा फोटो काढून तसाच माझ्या कपाळावर चिकटवला.

उमाताईंनी आणखी एक हट्ट धरला होता. "अहो, माझा आवाज अबोलीला आईचा. बाकीच्या पोरांना तो परकाच ना? त्यांच्या घरच्यांनाही ह्यात बोलता यायला हवं."

तेव्हा माझ्यात 'घरचे शब्द' नावाची एक खोली बांधली गेली. घरातल्या कुणीही शब्द लिहायचा आणि आपल्या आवाजात म्हणायचा. मूल तो ऐकून अक्षरं जुळवणार. बरोबर जुळली, तर शाबासकीही त्याच आवाजात. हे घरचे आवाज मी त्या फोनमध्येच जपतो, बाहेर कुठंही पाठवत नाही. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं ह्यावरच अडणार आहे.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. गावोगावच्या शाळांतून गुरुजी-बाई माझं नाव सांगायचे. मग अबोली मोठी झाली, सुमंतांना दुसरी कामं लागली, आणि माझी डागडुजी करायला कुणाला सवड राहिली नाही. नवी अ‍ॅप्स आली. त्यांच्यात माकडं नाचत, सोन्याची नाणी झरत. माझ्याकडं आपली एक पाटी, आणि कुकरची एक शिटी. 'हे अ‍ॅप जुने झाले आहे' असा फलक फोन माझ्या गळ्यात अडकवू लागले.

अशा पडत्या काळात मी माण तालुक्यातल्या एका वाडीत आलो. फोन होता शिवतेजचा. सैन्यभरतीसाठी रोज माळावर पळणारा उंचापुरा गडी. त्यानं मला आपल्या मामेबहिणीसाठी घेतलं होतं. तिचं नाव प्रियदर्शनी. नाव एवढं लांबलचक की तिच्या आईच्या तोंडात बसत नसे. आई म्हणायची, पिरे.

पिरीचे आईवडील, धोंडुबाई आणि धुळा, मेंढपाळ. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन ते कृष्णाकाठाला उतरत. ऊस तुटून गेलेल्या रानात कळप बसवत आणि उन्हाळा सरताना माघारी येत. आजवर पिरीही त्यांच्या मागं चालायची आणि तिची शाळा मागं राहायची. ह्या वर्षी पहिल्यांदाच तिला रंगूआत्याकडं, म्हणजे शिवतेजच्या घरी, ठेवायचं ठरलं होतं. तिच्या सोबतीला एक कोकरूही मागं ठेवलं. आई मेलेलं आणि मागच्या पायात बळ नसलेलं. धोंडुबाईच त्याला आपल्या हातानं दूध पाजायच्या.

निघायच्या सकाळी शिवतेजनं मला उघडलं.

"मामी, मेंढरांची नावं सांग. मी लिवतो, मग तू ह्यात बोल. पिरी रोज ऐकंल."

"मेंढरांची नावं? ती शाळंत चालत्यात व्हय रं?"

"चालत्यात. शब्द कुठलाबी चालतोय."

धोंडुबाईंनी फोन हातभर लांब धरला, छाती भरून श्वास घेतला आणि आरोळी ठोकली, "काळतोंडीऽऽ!"

माझ्या कानठळ्या बसल्या, मित्रांनो. कोंबड्या उडाल्या.

"मामी, आगं हळू! फोन हितंच हाय, डोंगरापल्याड न्हाई!"

रंगूआत्या हसून हसून खाली बसल्या. मग धोंडुबाई हळू बोलल्या. काळतोंडी. ठिपकी. बांडी. मोरी. कानुली. नावामागून नाव अशा मायेनं घेतलं, जणू पाठीवरून हात फिरतोय.

"आता पिरीचं बरोबर आलं की काय म्हणायचं, त्ये बोल. शाबास म्हण."

"आमी कवा कुणाला शाबास म्हणतुया? मेंढरू शाण्यावानी माघारी आलं की म्हणते, त्येच म्हणते." आणि त्या म्हणाल्या, "ये गं माजे बाय, ये. च्यक् च्यक् च्यक्."

हीच हाक मी साठवली. शिवतेजनं बटण सोडलं. त्यानंतर डोक्यावर पदर घेताना त्या एक ओवी गुणगुणल्या:

माळाच्या वाटंवरी, मेंढरांची उडं धूळ,
शाळंच्या दारी माजी, लेक करडीचं फूल.

ती मात्र माझ्यात राहिली नाही. बटण सोडलं होतं ना. कळप निघाला माझ्या जन्मगावाच्या मुलखाकडं, आणि मी राहिलो त्यांच्या वाडीत.

पहिल्याच दिवशी कोकरू रुसलं. शेळीचं दूध बाटलीत भरलं, ती तोंडाशी नेली, तर ते मान फिरवी. रंगूआत्यांनी चुचकारलं, पिरीनं कुरवाळलं. धुळाचा फोन साधा, त्यात रानात चार्जिंगची मारामार. तो काही लागेना. शेवटी पिरी कोकराला मांडीत घेऊन परड्यात रडत बसली आणि आईला ऐकायचं म्हणून तिनं मला उघडलं.

"काळतोंडी," धोंडुबाई म्हणाल्या.

पिरीनं अक्षरं टिपली. चुकली. पुन्हा टिपली. पुन्हा चुकली. डोळ्यांत पाणी असल्यावर अक्षरं कुठली दिसणार? मी उमाताईंच्या आवाजात म्हणत राहिलो, "पुन्हा बघू हं." एकदाचा काना काठीसारखा ताठ उभा राहिला, अनुस्वार जागेवर बसला, आणि माझ्यातून हाक निघाली, "ये गं माजे बाय, ये. च्यक् च्यक् च्यक्."

कोकराचे कान उभे राहिले. त्यानं फोन हुंगला, इकडंतिकडं पाहिलं. पिरीनं चटकन बाटली पुढं केली, आणि ते चुटूचुटू प्यायला लागलं. शेपटी तर अशी हलली की विचारू नका.

तेव्हापासून आमच्या घरचा रिवाजच पडला. शब्द बरोबर आला, तरच हाक. हाक आली, तरच दूध. पिरी ठिपकी शिकली, कानुली शिकली, मग उमाताईंच्या आवाजातले गोट, ग्रास, वॉटरही शिकली. शाळेत बाईंनी विचारलं, "इतकं पाठ कसं गं झालं?" तर म्हणाली, "चुकलं की कोकरू उपाशी राहतंय बाई."

आता ज्या दिवसाची मला अजून धडकी भरते, तो दिवस सांगतो.

शिवतेजची भरती जवळ आली होती. सरावाचं एक मोठं अ‍ॅप त्याला हवं होतं आणि फोन भरला होता काठोकाठ. ओसरीवर बसून तो एकेक वस्तू काढत सुटला. त्याचं बोट माझ्या पाटीवर येऊन दाबून राहिलं. माझं चित्र थरथरलं. पडद्यावर प्रश्न उमटला : काढून टाकायचे?

"काय करतुयास रं?" आतून रंगूआत्यांनी विचारलं.

"फोनमदला कचरा काढतुया."

"त्ये पाटीचं पोरीचं न्हवं?"

"फुकटचं हाय, आई. भरती झाली की परत घिऊ नेटवरनं."

तो खोटं बोलत नव्हता, मित्रांनो. मी परत आलो असतो, तिरक्या 'अ'सकट, कुकरच्या शिटीसकट. पण धोंडुबाई परत आल्या नसत्या. त्यांचा आवाज ह्या एकाच फोनमध्ये होता, आणि शिवतेजला ते ठाऊक नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण कुणी शब्द मागितल्याशिवाय मला तोंड नाही.

तेवढ्यात परड्यातून कोकरू ओरडायला लागलं. शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम होती, पिरीला यायला उशीर झाला होता.

"पयलं त्याला पाज!" रंगूआत्या म्हणाल्या. "घसा फाटला त्याचा. तुजी भरती काय पळून जात न्हाई."

शिवतेज फोन तसाच खाली ठेवून उठला. प्रश्न पडद्यावर, मी प्रश्नाखाली.

"ये ये ये. पी की रं गड्या." कोकरानं मान फिरवली. तो गुडघ्यावर बसला. मामीसारखं च्यक् च्यक् करून पाहिलं. कोकरू भिंतीला जाऊन चिकटलं.

"बघा आमचा जवान! एवढ्याशा कोकरानं रोखून धरला," दारातून रंगूआत्या म्हणाल्या. "तसं न्हाई पीत त्ये. पोरगी फोनवर कायतरी लिवती, मग पितंय."

शिवतेजनं फोन उचलला. क्षणभर प्रश्नाकडं पाहिलं, 'नको'वर बोट ठेवलं आणि मला उघडलं.

"काळतोंडी."

घाईत त्यानं भलतंच टिपलं. "पुन्हा बघू हं," मी म्हणालो.

"तूच लिवून दिलं हुतंस न्हवं?" रंगूआत्यांना हसू आवरेना.

दुसऱ्या खेपेला जमलं. "ये गं माजे बाय, ये. च्यक् च्यक् च्यक्."

कोकरू भिंत सोडून धावलं आणि बाटलीला अशी ढुशी दिली की शिवतेज मागं कलंडला. रंगूआत्यांचं हसू मात्र थांबलं. "आगं बाई, वैनीच हाय की रं ही. हितंच उबी हाय जणू."

शिवतेज सावरून बसला. मग म्हणाला, "आई, ह्यो आवाज नेटवर न्हाई मिळायचा."

बाटली रिकामी होईपर्यंत तो तसाच बसला. मग त्यानं आपले माळावर पळतानाचे, गाणी लावलेले सगळे व्हिडिओ पुसून टाकले. "किती पळालो त्ये पायाला ठावं हाय की," एवढंच म्हणाला.

पिरी आली. "पाजलंस व्हय दादा?"

"पाजलं. काळतोंडी चुकलो पयल्यांदा."

"मग ताटकळलं असंल बिचारं," पिरी म्हणाली आणि त्याला नीट लिहायला शिकवू लागली.

उन्हाळा सरत आला तशी माळावर धूळ दिसली. कळप परतला. पिरी फोन हातात घेऊनच दाराशी धावली. "आये, बघ, मला समद्यांची नावं येत्यात!" मला उंबऱ्यावर ठेवून तिनं काळतोंडी लिहिलं, आणि मी हाक दिली. आमचं कोकरू आता चांगलं दांडगं झालं होतं, पायही सुधारला होता. ते सवयीनं माझ्याकडं आलं. त्याच वेळी समोरून धोंडुबाईंनी हाक दिली, "ये गं माजे बाय, ये!"

कोकरू थबकलं. एकदा त्यानं माझ्याकडं पाहिलं, एकदा तिकडं. आणि मग माझ्यावरून उडी टाकून जे धावलं, ते थेट धोंडुबाईंच्या कुशीत. त्याच्यामागून पिरी.

मी उंबऱ्यावर पडून राहिलो, पडदा आभाळाकडं करून. धोंडुबाईंनी लेकीच्या केसांतून हात फिरवत तीच ओवी म्हटली, करडीच्या फुलाची. ती साठवायला कुणी माझं बटण दाबलं नाही. तेव्हा गरजच नव्हती. खरं सांगतो मित्रांनो, विसरलं जाणं इतकं गोड असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दिवाळीनंतर कळप पुन्हा उतरेल, आणि पिरी पुन्हा मला हाती घेईल. तुमच्याही फोनच्या कोपऱ्यात माझ्यासारखं कुणी जुनंपुराणं पडलं असेल. जागा हवी असेल तर खुशाल काढा, आमची तक्रार नाही. फक्त काढण्याआधी एकदा उघडून ऐका. आम्ही फुकट आलो असू, पण आमच्या आत कुणाची हाक राहते आहे, ते बघा आणि तिला आधी दुसरं घर द्या.