न फुटलेल्या बाटल्या

पहिलं खोकं खरोखरच फुटून आलं होतं.

स्तेपोनास बिर्झाईजवळच्या एका खेड्यात राहायचा आणि बापाने शिकवली तशी, न उकळता बीअर बनवायचा. ही बीअर बाटलीत भरल्यावरही आतल्या आत फसफसत राहते. दुकानात ती टिकत नाही, म्हणून आजूबाजूचे लोक घरी येऊन घेऊन जातात. स्तेपोनासची धाकटी बहीण अल्दोना मात्र लांब, समुद्राकाठी क्लायपेदात दिली होती. तिचा नवरा रिमगाउदास बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेला, आणि त्याच्याइतकं मन लावून ती बीअर पिणारा दुसरा माणूस स्तेपोनासने पाहिला नव्हता. दर शरदात दोघं नवराबायको गाडीने गावी यायची. मग त्यांनी गाडी विकली आणि स्तेपोनास कुरियरने बाटल्या पाठवायला लागला.

ते पहिलं खोकं रिमगाउदासच्या हातात पडलं तेव्हा तळातून गळत होतं. आत निम्म्या काचा होत्या.

"प्लास्टिकच्या बाटलीत भर की," अल्दोना फोनवर म्हणाली.

"प्लास्टिकमध्ये मी रॉकेल भरतो," स्तेपोनास म्हणाला.

त्याच हिवाळ्यात रिमगाउदासच्या पोटात दुखू लागलं. डॉक्टरीण बाईंनी तपासण्या केल्या आणि यकृत फार खराब झालंय, आता एक घोटही चालणार नाही, असं सांगितलं. रिमगाउदासने घरी येऊन कपाटातली ब्रँडी मोरीत ओतली. दारू सोडणं त्याला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. जड होतं ते स्तेपोनासला सांगणं. त्याच्या गावातल्या एका शेजाऱ्याने असंच पिणं सोडलं होतं, आणि स्तेपोनास त्याच्याबद्दल बोलताना "बिचारा गेला" म्हणायचा. तो शेजारी तेव्हा धडधाकट होता, रोज सायकलवरून समोरून जायचा.

वसंतात दुसरं खोकं आलं. कोरडं, एकही ओरखडा नसलेलं. संध्याकाळी फोन वाजला.

"पोचली का?"

"फुटली रे," रिमगाउदास म्हणाला. "परत."

आपण असं का बोललो, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. मागच्या वेळी हेच वाक्य खरं होतं, म्हणून ते पटकन तोंडात आलं असावं. अल्दोना कांदा चिरत होती. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या बाटल्या नेऊन झेनोनासला दिल्या. झेनोनास शेजारच्या गॅरेजमध्ये होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा.

स्तेपोनासने मनावर घेतलं. पुढच्या खोक्यात त्याने जवसाचे दोर घातले, त्याच्या पुढच्यात ओट्सचा भुसा, मग जुन्या गोधडीचे तुकडे. प्रत्येक खोकं सुखरूप पोचत होतं आणि फोनवर प्रत्येक खोकं फुटत होतं. एकदा रिमगाउदासने बदल म्हणून दोन बाटल्या चोरीला गेल्याचं सांगितलं.

"हे बरं नाही," अल्दोना म्हणाली.

"सांगतो."

"कधी? तो गोधड्या फाडत बसलाय तिथे."

"सांगतो म्हटलं ना."

उन्हाळ्याच्या शेवटी दारावर विल्मा आली. त्या भागातली पार्सलं तीच वाटायची. आज तिच्या हातात काही नव्हतं आणि अंगात कंपनीचं जाकीटही नव्हतं.

"काका, एक विचारायचं होतं. तुमच्याकडे मी खोकी दिली ती फुटलेली होती का?"

रिमगाउदास दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"कारण बिर्झाईहून एक गृहस्थ आमच्या ऑफिसला फोन करतात. खूप ओरडतात. मी फोडते म्हणतात, पितेही म्हणतात. माझा भाग काढून घेतलाय. आता मला गोदामात, खोक्यांच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभं केलंय. खोकी कोरडी होती, मला पक्कं आठवतंय. तुम्ही ती दोन्ही हातांनी छातीशी धरून आत नेत होता."

"कोरडीच होती," रिमगाउदास म्हणाला.

"मग तेवढं साहेबांना सांगाल?"

"सांगतो."

ती जिना उतरून गेली. त्या रात्री त्याने स्तेपोनासचा नंबर लावला, आणि पलीकडून "हं, बोल मेहुण्या" ऐकल्यावर हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवून दिला. ऑफिसला फोन केलाच नाही. तिथे सांगितलं तर ते स्तेपोनासला कळवतील, अशी त्याला धास्ती वाटत होती.

स्तेपोनास स्वतःच आला. न कळवता, दोन बस बदलून, मांडीवर लाकडी पिंप घेऊन. कुरियरवाल्यांवर त्याचा आता काडीचा विश्वास उरला नव्हता. त्याने पिंप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, तोटी ठोकली आणि पहिला ग्लास मेहुण्यापुढे सरकवला. अल्दोनाने लसूण चोळलेला तळलेला पाव आणून ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"घे की. ग्लासात तर फुटत नाही ना?"

"मी पीत नाही, स्तेपोनास," रिमगाउदास म्हणाला. "नऊ महिने होत आले. यकृत गेलंय माझं."

"आणि बाटल्या?"

"पहिल्याच फुटल्या होत्या. बाकीच्या नीट आल्या."

स्तेपोनासने फेस खाली बसेपर्यंत ग्लासाकडे पाहिलं.

"प्यायलं कोण मग?"

"झेनोनास. गॅरेजवाला."

"बोलाव त्याला."

झेनोनास हात पुसत आला. काय चाललंय ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ग्लास रिकामा केला आणि ही छानच आहे, पण गोधडीत आलेली जरा आंबट होती, असं सांगितलं. स्तेपोनासने त्याला बारीकसारीक बरंच विचारलं. आंबट म्हणजे कशी, पहिल्या घोटाला की नंतर. रिमगाउदासशी तो एक शब्दही बोलला नाही. मग अल्दोना खिडकीपासून वळली आणि तिने विल्माचं सांगितलं.

सकाळी दोघे मेहुणे गोदामात गेले. विल्मा पट्ट्यावरून खोकी उचलत होती. स्तेपोनासने टोपी काढली.

"बिर्झाईहून ओरडणारा तो मी. फुटली म्हणून खोटं यानं सांगितलं, पण तुला चोर मी म्हटलं."

"मला सांगून काय उपयोग?" विल्मा हात न थांबवता म्हणाली. "साहेब वर बसतात."

साहेबांनी कंटाळून ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात विल्माला पुन्हा गाडी मिळाली, पण जुना भाग एव्हाना दुसऱ्याला दिला होता. तिला उत्तरेकडच्या नव्या वस्तीत टाकलं. रिमगाउदास माफी मागायला पुन्हा गेला तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या काका. तिकडे सगळ्या इमारतींना लिफ्ट आहे." चहाला या, असं त्याने म्हटलं. ती बरं म्हणाली, पण आली नाही.

गोदामात गेले त्याच दुपारी, बसस्टँडवर निघताना स्तेपोनास एवढंच म्हणाला, "सोडलीस त्याचं काही नाही. पण मी तुला माणूस वाटलो नाही का रे, सांगायला?" उत्तराची वाट न बघता तो बसमध्ये चढला.

सगळा हिवाळा त्याचे फोन अल्दोनाला यायचे. ती फोन पुढे करायची, तेव्हा पलीकडून तो ठेवून द्यायचा. रिमगाउदास ते गुपचूप सोसत होता. आपल्याला यापेक्षा जास्त मिळायला हवं होतं, असंही त्याला कधीकधी वाटे.

एप्रिलमध्ये फोन त्याच्या नावाने आला.

"गोठ्याचं छप्पर उतरवायचंय," स्तेपोनास म्हणाला. "इथले सगळे दुपारपर्यंत टाइट असतात. वर चढायला न पिणारा माणूस हवाय."

रिमगाउदास शुक्रवारच्या बसने गेला. अल्दोनाने सोबत धुरी दिलेले मासे बांधून दिले. दिवसभर तो वर बसून कुजलेल्या फळ्या उचकटत होता आणि स्तेपोनास खाली उभा राहून त्या गोळा करत होता. दुपारी स्तेपोनासने आपला ग्लास भरून घेतला, मेहुण्यासाठी ताकाचा तांब्या आणला आणि शिडीखालून ओरडला, "उतर आता, नाहीतर ऊन लागून पडशील."

रिमगाउदास म्हणाला, "एवढी एक फळी झाली की आलोच."